सूर्यबिंबावरचा शुक्र

पानिपताचा घाव ओला असतानाच्या त्या ज्येष्ठात कांबळगडाच्या पूर्वकड्यावर उजाडले ते धुळीनेच. खाली मुर्तजाखानाच्या छावणीतल्या चुलींचा धूर दरीत साचला होता, आणि चाळीस दिवसांच्या वेढ्याने खंगलेला गड, पाऊस येईतो तग धरायचा या एकाच हट्टावर, अजून उभा होता.

सूर्य चार घटिका वर आला आणि बुरुजावरचा पहारेकरी ओरडला. धुळीआडून तांबूस दिसणाऱ्या बिंबाच्या कडेशी काळा ठिपका उमटला होता. हां हां म्हणता बातमी गडभर झाली, आणि तोफेपुढे न डगमगलेल्या धारकऱ्यांनी ढाली खाली ठेवून कानांना हात लावले.

गडाचे जोशी बाळंभट काजळी धरलेले अभ्रक डोळ्यांशी लावून तोच ठिपका पाहत होते. एवढ्यात अंताजी सबनीस जवळ आला.

"जोशीबुवा, सदरेवर एवढेच सांगा, सूर्यास जखम झाली, मावळतीपूर्वी गड खाली केला नाही तर सर्वनाश. खानाचा अभयाचा कौल मजपाशी आला आहे. तुम्हांस गाव इनाम. नाही म्हणाल, तर कडा लांब नाही."

बाळंभटांनी अभ्रक पुन्हा डोळ्यांशी लावले. वक्री शुक्र सूर्यतेजात लोपला होता. आज दोघांची रास एक, अंशही एक, हे त्यांनी मांडून काढले होते. पण तो बिंबावर असा उघडा दिसेल, हे वाडवडिलांच्या एकाही पोथीत नव्हते.

सदर गच्च भरली होती. किल्लेदार मानकोजी धायबरांनी विचारले, "जोशीबुवा, हे काय अरिष्ट?"

"अरिष्ट नव्हे, सरकार. तो शुक्र आहे. आपल्या वाटेने सूर्यापुढून चालला आहे. सोळाव्या घटिकेस बाहेर पडेल. अरिष्ट म्हणावे तर ते सदरेवर बसले आहे. खानाचा कौल सबनिसांपाशी आहे, आणि मी खोटे बोलावे म्हणून मला गाव देऊ केला आहे."

सबनीस ताडकन उठला. "भटाला भ्रम झाला! सूर्यावर ग्रह चढल्याचे कोणी ऐकले आहे?"

"ऐकले नाही. आज पाहतो आहे."

मानकोजींनी हुजऱ्यांना खूण केली. सबनिसाच्या शेल्यात खानाच्या मोहरेचा कागद निघाला.

"सरकार," बाळंभट म्हणाले, "खानाच्या माथ्यावरही हाच सूर्य आहे. त्याचे लोक भिऊन तंबूंत दडले आहेत, तोफांपाशी चिटपाखरू नाही. उतरून तोफांच्या कानांत, बत्तीच्या छिद्रांत, खिळे ठोकायचे तर आत्ताच."

"डागाळल्या सूर्याखाली गडी पाऊल टाकणार नाहीत, बुवा."

"मग पहिले पाऊल माझे. अपशकुन असेल तर आधी मी पडेन."

ज्याने उभ्या जन्मात दर्भापलीकडे पाते धरले नव्हते, तो ब्राह्मण काचा मारून, हाती हातोडा घेऊन चोरवाटेने पुढे उतरू लागला, तेव्हा मागे राहण्याची शरम धारकऱ्यांना भीतीहून जड झाली. तीनशे गडी निघाले. घळीत दबा धरत, काटेरी जाळ्यांतून सरकत ते खानाच्या तोफांच्या मोर्च्याशी पोहोचले तोवर सोळावी घटिका उलटून गेली होती.

ठिपका बिंबावरच होता.

एकाने वर पाहिले, मग दहांनी. पावले अडखळली.  पण बाळंभट थांबले नाहीत. वळून गरजले, "माझे गणित चुकले असेल, शुक्र चुकलेला नाही! तो कडेला आला आहे, पाहा!" आणि सरळ तोफांवर धावून गेले.

"हर हर महादेव!" मागून आरोळी उठली. सात तोफांच्या कानांत खिळे बसले. आठवीवर बाळंभटांनी हातोडा उचलला तोच एका पठाणाची समशेर त्यांच्या उजव्या मनगटावर उतरली. धारकऱ्यांनी त्यांना झोळीत घालून गडावर आणले, तेव्हा विसावी घटिका सरत होती आणि सूर्य स्वच्छ झाला होता.

तोफांविना खानाचा वेढा पांगळा झाला. आठव्या दिवशी पाऊस कोसळला आणि त्याने तळ उठवला. सबनिसाची रवानगी बेड्या घालून दूरच्या गडावर झाली.

मानकोजी इनामाची सनद घेऊन जोशांच्या घरी आले. उजवा हात मनगटापासून गेलेले बाळंभट डाव्या हाताने धूळपाटीवर वेडेवाकडे आकडे काढत बसले होते.

"बुवा, आता तरी विश्रांती घ्या."

"चार घटिकांची चूक राहिली, सरकार. पुढे कोणी पाहील त्याला ती नडू नये."

"पुढे म्हणजे केव्हा?"

"ते अजून सापडलेले नाही," बाळंभट म्हणाले, आणि पाटीवर नवी धूळ पसरू लागले.