बेसिनमागची भिंत

तोंडात टूथब्रश, केसांतून निथळणारं पाणी, अशा अवतारात ती वरच्या मजल्यावरचं दार बडवत होती. दार उघडलं एका उंच, गोंधळलेल्या माणसानं. त्याच्या हातात पान्हा होता आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

“तुमचं पाणी माझ्या डोक्यावर पडतंय!” ती फेसाळ तोंडानं ओरडली.

“माफ करा... पण आधी चूळ भरता का?” तो म्हणाला. “आत पाणी भरपूर आहे.”

तिला हसू आलं नाही. निदान तिनं तसं दाखवलं तरी.

गळती थांबली, पण तिच्या बेसिनमागची भिंत फुगली आणि टाइल्स उखडून खाली आल्या. बेसिनचा दगड तेवढा वाचला. तो हिरवट दगड तिनं उन्हातान्हात हिंडून शोधला होता. आई, ताई, मिस्त्री, सगळ्यांनी त्याला नाक मुरडलं होतं. पण घर तिच्या एकटीचं आणि हट्टही तिच्या एकटीचा. दगड हलणार नव्हता. भिंतच त्याला शोभेल अशी हवी होती.

वरचा शेजारी भूगोलाचा शिक्षक होता. ‘भिंत मी करून देतो’ म्हणाला, इथवर ठीक. पण टाइल्स निवडायलाही येतो म्हणाला, आणि तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

ती दातांची डॉक्टर. नवा दात शेजारच्या दाताशी जुळवताना पांढऱ्याच्याही छटा पारखणारी तिची नजर. आणि हा?

“ही बघा!” तो दुकानाच्या टोकावरून हाक मारी. “तुमच्या दगडाची सख्खी बहीण!”

ती बघे, तर टाइल विटेसारखी तांबडी.

“बहीण? ही सवत आहे!”

“वहिनींना निवडू द्या ना साहेब,” दुकानदार काका म्हणत.

“आम्ही शेजारी आहोत!” दोघं एकदम ओरडत, आणि मग ती उगाचच एखाद्या टाइलवरची धूळ पुसत बसे.

दर रविवारी हेच. वैताग नुसता! आणि त्याहून मोठा वैताग हा, की शुक्रवारपासूनच तिला रविवारचे वेध लागायचे. ज्याला आपला दगड धड बघावासाही वाटत नाही, त्याची वाट कशाला बघायची? ती स्वतःवरच चिडायची. पण वाट बघणं काही थांबेना.

शेवटी तिनंच एक शेवाळी टाइल पक्की केली. खोकी यायची त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. “मिस्त्री येतील,” तिनं त्याला बजावलं. “खोकी उघडून रंग तेवढा बघून घ्या.”

संध्याकाळी ती घरी आली. अर्धी भिंत लागली होती... तांबूस तपकिरी. हिरव्या दगडामागे ती भिंत पाहून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“दुकानातून चुकीची खोकी आली असणार,” मिस्त्री हात धूत म्हणाले. “पण साहेबांनी बघून हो म्हटलं ताई.” आणि ते घाईनं निघून गेले.

साहेब दारातच उभे होते.

“एवढंही नीट बघता आलं नाही तुम्हाला? माझी चेष्टा करताय?”

“नाही हो. मी बघितलं. नीट बघितलं. पण मला... हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसत नाही. जन्मापासून.”

“काहीतरीच! नकाशे शिकवता ना? मैदानं हिरवी, डोंगर तपकिरी...”

“पाठ आहेत. दिसत नाहीत.”

ती बघतच राहिली. “मग दर रविवारी दुकानात कशाला येत होता?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही एकट्या गेला असतात.”

तिचा राग अजून गेला नव्हता. पण आता तो कशावर काढावा हेच तिला कळेना.

“माझा दगड तरी कसा दिसतो तुम्हाला?” तिनं विचारलं.

त्यानं दगडावर हात ठेवला. “रंग नाही सांगता येणार. पण ही गडद रेघ आहे ना, ती नळापाशी दुभंगते. एक फाटा काठापर्यंत येतो, दुसरा इथं विरून जातो. आणि या कोपऱ्यात बारीक कण चमकतात... खूप सुंदर आहे.”

रेघ नळापाशी दुभंगते, हे तिलाही माहीत नव्हतं. तिचा दगड आजवर कुणी इतक्या मायेनं पाहिला नव्हता.

रविवारी ती त्याला घेऊन पुन्हा दुकानात गेली. दगड कापताना उरलेला एक तुकडा तिच्या पिशवीत होता.

“तुम्हाला लख्ख दिसतो असा रंग कुठला?”

“निळा. का?”

तिनं गडद निळी टाइल उचलून तुकड्याशेजारी धरली. मान तिरकी करून पाहिली. शोभत होती! “हीच,” ती म्हणाली.

“अहो, भिंत तुमची, घर तुमचं... मला दिसून काय उपयोग?”

तिनं कपाळावर हात मारला. याला सगळंच उलगडून सांगायचं?

“रोज सकाळी तिथं उभा राहून दाढी करशील,” ती टाइलकडे बघत म्हणाली, “तेव्हा समोरची भिंत दिसायला नको तुला?”

दुकानदार काका हळूच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे सरकले. त्यानं मात्र तिच्या हातातली टाइल घेतली आणि ती घट्ट धरून नुसता उभा राहिला... लाल झालेला.

“बोल की आता!” ती वैतागून म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “हो... हो!”