डिस्प्लेचा आरसा

"दात येईपर्यंत पोरीला आरसा दाखवू नको गो. दाखवलास तर तिथंच रमंल ती."

गोदामावशींनी हे एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. रोज अंघोळ घालायला यायच्या तेव्हा, बाळाला पायांवर आडवं घेऊन.

मैथिली हसली होती. "मावशी, मग मोबाईलच्या सेल्फीचं काय?"

"त्याचं मला नाय माहीत. आरशाचं माहीत हाय."

विषय तिथेच संपला.

मैथिली म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही डोंबिवलीला एकाच घरात राहत होतो, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही ते तिने मला सांगितलंय. आणि भाजीत मीठ किती घातलं, हेसुद्धा वाढवून सांगणारी बाई नाही ती. विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम आहे.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. शनिवार, दुपारचे साडेतीन.

ठाकुर्ली स्टेशनपासून पाच मिनिटांवर बाथरूमच्या सामानाचं एक मोठं दुकान. पितृपक्ष असल्यामुळे आत चिटपाखरू नाही.

मैथिली आणि माझे दीर देवेश यांचा ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे, नवा फ्लॅट तयार होत होता. टाइल्स झाल्या, नळ झाले. फक्त मास्टर बाथरूमच्या बेसिनवरचा आरसा आणि त्याची लाईट अडून बसली होती. मैथिलीला एकही पसंत पडत नव्हती.

"अगं, दात घासायचेत तिथे," देवेश म्हणाला. "नवरी नटवायची नाहीये."

"तू घास. मला रोज तोंड बघायचंय माझं."

निघताना आमच्या सासूबाईंनी बजावलं होतं, बघून या, पण बुकिंग करू नका. घटस्थापना झाली की करा.

सासूबाईंचं तिने ऐकलं. गोदामावशींचं नाही.

दुकानातला प्रफुल्ल बोलका होता. "वरून लाईट घेतली की डोळ्यांखाली काळं दिसतं, मॅडम. माणूस आजारी वाटतो. हा बघा. दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या. चेहऱ्यावर सावलीच पडत नाही."

अडीच बाय तीनचा आरसा. खाली डाव्या कोपऱ्यात बोट लावायचं बटण. एकदा लावलं की पांढरा उजेड, दुसऱ्यांदा पिवळा, तिसऱ्यांदा मधला.

मैथिलीने स्वतःकडे पाहिलं. सात महिन्यांची अपुरी झोप त्या चेहऱ्यावर साचली होती. कुठला उजेड बरा, कळेचना.

मग तिने कडेवरच्या लेकीला, मधूला, आरशासमोर धरलं. कोवळ्या त्वचेवर खरा रंग कळेल म्हणून.

गोदामावशी आठवल्या होत्या, असं ती सांगते. आठवूनही धरलं.

मधूने आरशात पाहिलं... आणि खळखळून हसली. एवढी मोठ्याने ती आधी कधीच हसली नव्हती. दोन्ही पंजे काचेवर थापले. प्रफुल्लही हसला.

"आता बंद करून दाखवतो, मॅडम. फरक बघा."

त्याने बटण दाबलं.

आरसा काळा झाला.

आणि हसणं थांबलं. हळूहळू नाही. मध्येच.

पुन्हा उजेड आला तेव्हा मधूचे हात खाली लोंबत होते. ती आरशाकडे बघत नव्हती. कुठेच बघत नव्हती.

"झोप आली असेल," देवेश म्हणाला.

काचेवर दोन पंजे उमटले होते. प्रफुल्लने कापडाने पुसले. राहिले. तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसले. तरीही राहिले.

"आतून आहे वाटतं," तो म्हणाला. "पॅकिंगवाल्याचा हात लागला असेल."

एवढे लहान हात... पॅकिंगवाल्याचे.

मैथिलीने तोच आरसा पसंत केला. घटस्थापनेला फोन करतो, असं सांगून तिघं घरी आली.

त्या दिवसापासून मधू रडली नाही.

कमी रडली असं नाही. रडलीच नाही.

भूक लागली तरी नाही. लंगोट ओला झाला तरी नाही. ठेवलं तिथे पडून राहायची, डोळे उघडे. घरात सगळे खूश. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची मधू किती शहाणी झाली बघा." मलासुद्धा हेवा वाटायचा, तेव्हा माझा आठवा महिना होता. खोटं कशाला बोलू.

नवव्या महिन्याच्या लसीला मी सोबत होते. सुई आत गेली. मधू डॉक्टरांच्या पेनाकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले. सगळं नॉर्मल.

मैथिली घाबरली नाही. याचीच मला जास्त भीती वाटली. ती धुणं वाळत घालावं तसं सगळं करत होती. दूध पाजणं, न्हाऊ घालणं, झोपवणं. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "माझ्याकडे कुणीतरी सांभाळायला दिलंय हिला, असं वाटतं गं. कुणाचं बाळ आहे ते सांगायला विसरलेत."

मी म्हटलं, "ताई, झोप घे थोडी."

दुसरं काय बोलणार...

पण तिचं शरीर ऐकत नव्हतं.

मधू पोटभर पिऊन शांत झोपलेली असायची, आणि मैथिलीला अचानक पान्हा फुटायचा. गाऊन भिजायचा. बाळ रडलं की आईला होतं ना, अगदी तसं. दिवसातून चार-पाच वेळा.

घरात तर कुणीच रडत नव्हतं.

मग कुठे...

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी देवेशने दुकानात फोन केला होता. प्रफुल्ल म्हणाला, "तो डिस्प्लेचा पीस गेला, सर. तुमचं बुकिंग नव्हतं. तसाच कंपनीपॅक देतो." देवेशला उलट बरं वाटलं, नवा मिळाला म्हणून.

दिवाळीत तिघं खोपटला राहायला गेली. नवा आरसा बसला. दोन्ही बाजूंना पट्ट्या, मधला उजेड. मैथिली मधूला घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

काच स्वच्छ होती. पंजे नव्हते.

मधूने एकदाही आरशाकडे पाहिलं नाही. मैथिलीने तिची हनुवटी धरून वळवली. नजर वळली नाही.

पुढे लसीचं ते झालं. त्यानंतरच्या सोमवारी ती एकटीच ठाकुर्लीला गेली. मधूला माझ्याकडे सोडून.

प्रफुल्लने आधी हसून स्वागत केलं. आरशाचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"कोण घेऊन गेलं?"

"रोखीत गेला, मॅडम. नाव लिहिलेलं नाही. टेम्पो कल्याणच्या दिशेने गेला, एवढंच आठवतं."

"पुन्हा काही आले का ते?"



"फोन आला होता. कुठल्या तरी प्लंबरच्या नंबरवरून. म्हणाले, आरशातून आवाज येतो. मी म्हटलं, लाईटचा चोक गुणगुणत असेल, बदलून देतो. तर म्हणाले, गुणगुणत नाही..."

"मग?"

"लाईट बंद केली की रडल्यासारखा येतो, म्हणाले. लावली की थांबतो." त्याने काउंटरवरच्या कापडाची उगाच घडी केली. "मी सांगितलं, मग लावूनच ठेवा. नंतर फोन आला नाही. त्या नंबरवर मी केला, तर लागत नाही."

मैथिली तिथेच उभी होती. ओढणी छातीशी घट्ट धरून.

ती पुन्हा भिजली होती.

दुपारचे पावणेचार झाले होते. त्याच वेळी इकडे डोंबिवलीत मधू माझ्या मांडीवर होती, डोळे उघडे, गप्प.

आता मधू वर्षाची होऊन गेली. सहा दात आलेत. चालते. हाक मारली की येते. रडत नाही, हसत नाही. गोदामावशींना घरी बोलावलं होतं. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, बराच वेळ तिचे तळवे चोळले आणि परत दिली. चहासुद्धा घेतला नाही.

माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. कपाटाच्या आरशावर मी जुनी चादर खिळ्यांनी ठोकली आहे. नवरा हसतो. हसू दे.

हे लिहायला मैथिलीनेच सांगितलं. ती स्वतः लिहीत नाही, म्हणते हात चालत नाही.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास कल्याण, डोंबिवली, ठाणे भागात कुणी ठाकुर्लीहून असा आरसा नेला असेल... अडीच बाय तीन, दोन्ही बाजूंना लाईटच्या पट्ट्या, डाव्या कोपऱ्यात बटण, आणि काचेवर दोन छोटे पंजे जे पुसले जात नाहीत...

तर फोडू नका. भंगारात देऊ नका.

काल मैथिलीचा पान्हा आटला. सकाळपासून एकदाही आला नाही. ती माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाली, "तिकडे कुणी लाईट लावली असेल का गं... की ती रडायची थांबली?"



तुमच्या घरी असेल तर आत्ता उठा. बाथरूममध्ये जा.

लाईट बंद करा, आणि ऐका. ती आहे का अजून.

मग लाईट लावून ठेवा. तिला अंधाराची सवय नाही.