अंधाऱ्या पॅसेजची लेव्हल

"मेलास! परत मेलास!" राजेश्वरीने जाहीर केलं.

"अगं, मी दिवा लावायला गेलो होतो!" शिवतेज ओरडला. "दिवा लावून कोण मरतं?"

"तू. तिसऱ्यांदा."

तेरा वर्षांच्या राजेश्वरीने या सुट्टीत व्हिडिओ गेमच्या लेव्हल बनवायला घेतल्या होत्या. पहिल्या लेव्हलमध्ये तिने ज्वालामुखी, मगरी आणि एक विमानतळ कोंबला. तिचा धाकटा भाऊ शिवतेज पहिल्याच पायरीवर अडकला आणि जेवायला निघून गेला. तेव्हा तिला कळलं, सुरुवात छोट्या आणि ओळखीच्या जागेपासून करावी. उलव्यातल्या त्यांच्या सोसायटीइतकी ओळखीची आणि कळकट जागा दुसरी नव्हती. म्हणून तिने क्लबहाउसबाहेरचा अंधारा पॅसेज बटणांसकट जसाच्या तसा गेममध्ये उतरवला आणि त्यात एक भूत सोडलं. दिवा लावला की भूत पळतं, बस्स! चुकून पाण्याच्या पंपाचं बटण बंद केलं, तर मात्र टाकी रिकामी होते आणि सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन अंगावर धावून येते.

खऱ्या बिल्डिंगचंही तेच चाललं होतं. रोज दुपारी चालू पंप कुणीतरी बंद करायचं आणि संध्याकाळी नळ कोरडे! सेक्रेटरी नंदकिशोरकाकांनी चहा संपायच्या आत गुन्हेगार शोधले: क्लबहाउसच्या कंप्युटरवर बसणारी पोरं. रविवारच्या मीटिंगनंतर क्लबहाउसला कुलूप! मुलांच्या वाट्याला येणारा तो एकच कंप्युटर, आणि राजेश्वरीची अर्धवट लेव्हल त्यातच होती.

"पण आपण तर बागेच्या दाराने येतो," शेजारची शुभदा म्हणाली. "पॅसेजमध्ये पायसुद्धा ठेवत नाही!"

"हे काकांना सांगायचं तर आधी काका गप्प बसायला हवेत. तू खेळ."

शुभदा खेळायला बसली. पॅसेजमध्ये शिरली, बटण दाबलं. बादल्याच बादल्या!

"भिकार आहे तुझी लेव्हल!"

राजेश्वरी चिडणार होती, पण थबकली. शिवतेज आणि शुभदा, दोघंही एकाच जागी मेली होती. दोघांनी हाताशी येणारं पहिलं बटण दाबलं होतं. ते पंपाचं होतं. दिव्याचं त्याच्या पलीकडे, आणि दोन्ही दिसायला जुळी!

"शिवतेजचं समजू शकते," ती म्हणाली. "पण तूसुद्धा? म्हणजे लेव्हल नाही, पॅसेज भिकार आहे! पंप कुणी मुद्दाम बंद करत नाही. कुणीतरी दिवा लावायला येतंय."

"कोण?"

"ज्याला सरळ बागेतून यायचं सुचत नाही. म्हणजे कुणीतरी मोठं माणूस."

"लपून पकडू या!" शिवतेज उड्या मारू लागला.

"पकडलं तरी म्हणेल, मी नाही बंद केला. त्यालाच माहीत नाहीये रे! मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यांनाच खेळायला बसवू, काकांपासून सुरुवात!"

रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग भरली. अध्यक्ष मुक्ताबाई होत्या. त्यांनी आयुष्यभर मार्केटात कांद्याचा गाळा चालवला होता. कुलपाच्या बाजूने भराभर हात वर झाले.

"काका, कुलूप लावायच्या आधी एकदा खेळून दाखवा ना," राजेश्वरी साखरेच्या आवाजात म्हणाली. "आम्हाला जमतच नाहीये."

यावर कुठला सेक्रेटरी नाही म्हणेल? काकांनी चष्मा चढवला. "हॅ! यात काय आहे?" ते भिंतीवर आदळले, माउसला शिव्या घातल्या, पॅसेजमध्ये शिरले आणि बटण दाबलं.

बादल्याच बादल्या!

"बिघडलाय तुझा गेम!" काका भडकले. "रोज हेच तर दाबतो मी! पहिल्याने लागत नाही, मग दुसरं दाबतो, की लागला दिवा! दुपारी इथल्या ऑफिसात झोपाय... हिशेब तपासायला येतो ना!"

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काय झालं ते सगळ्यात शेवटी काकांना कळलं.

"नंदकिशोर," मुक्ताबाई म्हणाल्या, "तुझ्या झोपंपायी आठवडाभर मी टँकरच्या पान्यानं आंघोळ करतीया व्हय रं?"

"ते... वायरिंगच तसं..."

"गप! उद्याच्या उद्या पंपाचं बटन तिथनं हलव. आन कुलपाची लई हौस आसंल तर तुझ्या हापिसाला लाव!" मग त्या राजेश्वरीकडे वळल्या. "डोकं हाय पोरी तुला! आमी येवडी थोराड मानसं नुसती भांडत बसलो, आन तू खेळता खेळता चोर धरलास!"

टाळ्या कडाडल्या. कुलपासाठी हात वर करणारे सर्वांत जोरात वाजवत होते.

"सर की जरा," मुक्ताबाईंनी पदर खोचला. "मला बी बघू दे ते भूत."

त्याही भिंतीवर आदळल्या. त्यांच्यामागे सभासदांची रांग लागली, आणि जो तो बसला की भिंतीवर आदळायचा.

"ताई, आपला नंबर कधी?" शिवतेज रडकुंडीला आला.

"आपण फक्त बघायचं," राजेश्वरी म्हणाली. "या लोकांना पार करता येईल अशी लेव्हल बनवायची म्हणजे अख्खी सुट्टी जाणार आहे!"