चाचणीत हरलेला सल्लागार

सर्व्हररूमचं दार ढकलून ती बाहेर आली ती थेट त्याच्या अंगावरच आदळली. तिच्या हातात शिडी, अंगात जाड स्वेटर आणि थंडीनं लाल झालेलं नाक!

“आलात एकदाचे!” ती म्हणाली. “एसीतून पाणी गळतंय. चढा लवकर.”

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला... आणि निमूट चढला. पाणी थांबवून खाली उतरल्यावर हात पुसत म्हणाला, “झालं. आता सर्व्हर बघू का? मी एसीवाला नाही... सल्लागार आहे. तुमच्या काकांनी बोलावलंय.”

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

काकांची कंपनी छोटीशी. दुकानं, शाळा, दवाखाने यांची कामं तिथल्या यंत्रांवर चालायची. एकाच दणकट यंत्राचे अनेक आभासी सर्व्हर करायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटायला लावायचं, की अख्खं यंत्र आपलंच! ही किमया करतं ते हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर. इथलं आता जुनं झालं होतं. नवं कोणतं घ्यायचं यावरून मात्र दोघांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. तिला मोफत मिळणारं हवं होतं, त्याला बनवणाऱ्या कंपनीची मदत सोबत येणारं, विकतचं.

“तुमच्या लाडक्याचं काही अडलं, तर विचारायचं कुणाला?”

“मला.”

“आणि तुमचं अडलं तर?”

“माझं काही अडत नाही,” ती तोऱ्यात म्हणाली. पण सकाळी त्याला यायला जरा उशीर झाला, की तिची मान सारखी दाराकडे वळायची. हे तिलाही कळत होतं, आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं.

शेवटी काकाच वैतागले. “दोन्हींची चाचणी घ्या. तुझं जिंकलं तर तूच बसव. याचं जिंकलं तर हा इथे राहील आणि सगळं हलवून देईल.”

चाचणी झाली. त्याचं हायपरव्हायजर असं रखडलं की बघवेना. “हरलो बुवा!” तो हसून म्हणाला, काकांचा निरोप घेतला आणि बॅग खांद्यावर टाकून निघाला.

तिनं खरं तर हवेत तरंगायला हवं होतं. पण काही केल्या आनंद होईना... उगीच काहीतरी करायचं म्हणून ती चाचणीचा पसारा आवरायला बसली आणि चरकलीच. त्याला दिलेलं यंत्र मुळात यंत्रच नव्हतं! तो तिच्याच हायपरव्हायजरवरचा एक आभासी सर्व्हर होता. घाईघाईत यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता तिनंच चुकीचा दिला होता. बिचाऱ्याचं हायपरव्हायजर तिच्या हायपरव्हायजरच्या पोटात बसून धावत होतं, मग रखडणारच!

सांगावं, तर हातातली बाजी जाणार. शिवाय काका म्हणणार, त्याला थांबवायला पोरगी मुद्दाम हरली. आणि गप्प बसावं, तर तो चालला... ती जिन्याकडे धावली.

“थांबा!” फाटकाशी तिनं त्याला गाठलं. “चाचणी खोटी होती. तुमचं यंत्र खरं नव्हतंच. चूक माझी.”

“माहीत आहे.”

“काय?”

“मध्येच लक्षात आलं होतं. पण तुम्हाला हरवून इथे राहायचं... तुम्ही माझ्याशी बोलला नसतात. ते मला चाललं नसतं.”

तिचा पारा चढला. “तिथे दवाखान्यांची कामं चालतात! माझं मन राखायला यंत्रं नाही निवडायची. आणि मी बोलणार नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवलंत?”

“चुकलं,” तो खाली मान घालून म्हणाला. “साफ चुकलं.”

“वर चला. काकांना मी सांगते. पुन्हा चाचणी, खऱ्याखुऱ्या यंत्रावर.”

“आणि खरोखरच हरलो तर?”

तिनं त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. कान तापले होते, पण नजर हटली नाही.

“हरलास तरी थांब,” ती म्हणाली. “कामासाठी नाही... माझ्यासाठी.”

तो मागे वळला आणि तिच्याआधी जिना चढू लागला.