उशिरा फुटलेलं झाड

दोन हजार सतरा सालची गोष्ट. परतीचा पाऊस सुरू होता आणि माझ्या जिवाला चैन पडेना. माझा मुलगा रुद्र टोरांटोला. त्याने मला तिकडेच राहायला बोलावलेलं, डिसेंबरचं तिकीट काढलेलं, आणि तिथे बोलता यावं म्हणून मला नाशिकला इंग्रजीच्या क्लासला घातलेलं. वय बासष्ट! दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेत मन लागेना, घरात बसवेना.

पहिल्याच दिवशी क्लासच्या जिन्यात पांढऱ्या टोपीतला एक उंच माणूस आडवा आला. खांदे पावसाने भिजलेले.

"बाई, इंग्रजीना क्लास वरच शे ना?"

"वरच आहे. पण तुम्ही तर खाली चाललात."

"घाबरून," तो म्हणाला… आणि इतकं निर्मळ हसला की मलाही हसू आवरेना. मग आम्ही दोघं मिळून वर गेलो.

ते निवृत्तीराव. नामपूरचे कांदा व्यापारी. मुलगी सरिता मेलबर्नला, तिच्याकडे त्यांना कायमचं जायचं होतं. आमची मास्तरीण योगिनी, वय पंचविशीचं. त्या दिवशी तिने 'सेम' हा शब्द शिकवला. "एकच असेल तर सेम, नुसतं मिळतंजुळतं असेल तर सिमिलर. आता शेजारच्याशी बोला, काय काय सेम आहे ते शोधा."

"तुमचे मालक?" निवृत्तीरावांनी हळूच विचारलं.

"वारले. बरीच वर्षं झाली."

"सेम… म्हणजे, आमची मंडळी पण…"

"इथे सिमिलर म्हणा," मी म्हटलं. "दुःख ज्याचं त्याचं असतं."

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं — असं, की मी उगाच पदर सारखा केला.

त्यानंतर क्लास सुटला की खालच्या टपरीवर चहा ठरलेला.

"मला बिनसाखरेचा," मी म्हणायची.

"सेम!"

"खरं सांगा निवृत्तीराव, गोड आवडतो ना?"

"लय आवडतो. पण तुमच्यासमोर बसलं की…" पुढचं ते चहाबरोबर गिळायचे. रोज गिळायचे! आणि मी घरी येऊन कूस बदलत राहायची. हा माणूस बोलत का नाही? मी तरी टोरांटोला का जाते आहे?

ऑक्टोबरात बागेची छाटणी झाली. छाटल्यावर काडीवर कोंब फुटायच्या जागांना, डोळ्यांना, औषध लावावं लागतं, म्हणजे सगळी बाग एकाच वेळी फुटते. निवृत्तीराव हौसेने बघायला आले. मी हातमोजे दिले, ब्रश दिला, एक ओळ दिली.

"कांद्याला डोळे नसतात बरं," मी चिडवलं.

"म्हणून तर तो दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाणी काढतो."

आमची जुनी कामकरीण चतुराबाई पदराआडून हसली. "ताई, पाव्हण्याचं ध्यान झाडात नाय हां!"

खरंच नव्हतं. पुढच्या आठवड्यांत सगळी बाग कोवळी, पोपटी फुटली… आणि त्यांच्या ओळीतलं शेवटचं झाड नुसत्या काड्या घेऊन उभं. निवृत्तीराव आले, तिथेच थबकले.

"हे का नाही फुटलं?"

"तुम्ही औषधच लावलं नाहीत. माझ्याकडे बघत बसलात."

"मग गेलं का हे?"

"जाईल कशाला? फुटेल. उशिरा."

त्यांनी टोपी काढली, हातात फिरवत राहिले. दुपार टळत होती…

"सिंधुबाई, मी बी असाच. वेळेवर फुटलो नाही. पण… मला मेलबर्न नको. तुम्हीही जाऊ नका." मग अगदी हळू, "तुमच्या मनात काय शे?"

"सेम," मी म्हटलं.

"सिमिलर नाही ना?"

"नाही. सेम."

आम्ही नाशिकला नोंदणी लग्न केलं. रुद्र वर्षभर रुसला, मग सुट्टीत आला आणि निवृत्तीरावांना 'काका' म्हणत गेला. सरिता फोनच्या पडद्यावर रडली, हसली. योगिनीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. चतुराबाई अजून आमच्याकडेच आहे आणि दर ऑक्टोबरला चिडते, कारण निवृत्तीराव त्या शेवटच्या झाडाला मुद्दाम औषध लावत नाहीत. बागेतला बाकी सगळा माल विकून जातो, मग त्याचे घड पिकतात. ते आम्ही विकत नाही. दोघं पायरीवर बसून खातो — आणि चहात ते आता दोन चमचे साखर घेतात.