आडभिंत

खोटं बोलणं शालिकराम गवंड्याला कधी जमलंच नाही. म्हणून त्याच्यावर गुदरलेलं हे खरंच धरा, पोरांनो.

शके सतराशे शहाऐंशी, पौष अमावास्या. दूरदेशीच्या लढाईमुळं अकोटात कापूस सोन्याच्या भावानं चालला होता. त्याच कमाईवर अब्दुल गफ्फार व्यापारी घर बांधत होते. कापसाच्या जहाजावर जाऊन ते चीन पाहून आलेले. घरही तिथल्यासारखंच हवं: मधे अंगण, चारी अंगांनी खोल्या, अन् दारातून आत येताच समोर एक आडवी भिंत.

"शेठ, इवाई-पाहुणा आला तं नाक फुटीन ना त्याचं!" शालिकराम हसला होता.

"इवाई वळून येते, मिस्त्री. मेलेल्याले वळता येत नाही म्हणतात तिकडं. तो सरळच चालते."

भिंत उभी राहून आठ दिवस झाले. चुना ओला राहावा म्हणून मध्यरात्री शालिकराम घागर घेऊन निघाला. काम संपेपर्यंत त्याचं बिऱ्हाड तिथंच होतं. बायको मनकर्णा अंगणात बसलेली.

"झोपली नाहीस?"

"मैना येऊन नाही राहिली."

मैना त्यांची दोन वर्षांची लेक. भादव्यात पटकीनं गेली होती, याच घरात.

"रोज रात्री येत होती. कुशीत निजत होती. तुमाले सांगतलं नाही... आठ दिस झाले, येतच नाही."

शालिकरामनं घागर सावरली. भिंतीशी गेला. घागर कलती केली.

थप.

भिंतीपलीकडून. ओल्या चुन्यावर. लहानसा तळवा.

थप... थप...

तो वळसा घालून पलीकडे गेला. कोणी नव्हतं. परत आला.

थप.

"मैने... इकून ये, माय. बाजूनं. अशी वळ..."

थप. तिथंच.

"वळ ना वं, बाई..."

मग मुसमुसणं. तेही तिथंच.

त्यानं पहार आणली.

मनकर्णा उठून आली. पडेल ती वीट ती उचलून कडेला ठेवत गेली. दारापासून अंगणापर्यंत वाट सरळ होईपर्यंत.

उजाडताना अब्दुल गफ्फार आले. "मिस्त्री! हे काय केलं?"

शालिकरामनं नुसता हात केला. अंगणात मनकर्णा कुशीवर गाढ झोपली होती. शेठनी पाहिलं, अन् मान खाली घालून पाठ फिरवली.

तिचं दूध भादव्यातच आटलं होतं.

चोळी पुढून चिंब ओली होती...