नऊशे गुणांचा साबण

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर आदळली आणि तिच्या हातातली अत्तराची कुपी त्याच्या बाहीवर रिकामी झाली.

"अगंबाई! शर्टाचं वाटोळं झालं की हो..."

"छे, छे... उलट—" एवढंच त्याला सुचलं.

ती साबण कारखान्यातली नवी गंधकार, साबणांचे वास जुळवणारी; तो तिथला आकडेतज्ज्ञ. सगळे त्याला मास्तर म्हणत. तीही म्हणू लागली, जरा लांबवून. दुपारी चहाचा कप घेऊन त्याच्या टेबलाशी यायची. "मास्तऽर, आज कुणाची सरासरी काढताय?" तो मान वर न करता हसायचा.

मग चार नव्या साबणांची चाचणी ठरली. त्यातला एक तिचा. तो सरस ठरला तर ती इथेच राहणार, नाही तर दूरच्या कारखान्यात बदली. प्रत्येकाला एकच साबण. हुंगायचा आणि मनाला येईल तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा, जास्त आवडला तर मोठा, बिननावाने. माणसं कमी पडली म्हणून त्यालाही बसवलं. त्याने साबण नाकाशी नेला... त्या दिवशीच्या बाहीचा वास! इतरांनी वीस, तीस, फार तर चाळीस लिहिले. त्याच्या हाताने लिहिले नऊशे.

सरासरी काढली असती तर ती सहज जिंकली असती. पण एकच वेडा आकडा सरासरीला कसा नाचवतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने रीतीप्रमाणे सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले आणि आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक धरले. नऊशे जाऊन बसले चाळीसच्या शेजारी, एकच पायरी वर. चार साबणांत फरक आहे, असं काही म्हणता येईना.

बदलीचा निकाल ऐकून ती आकड्यांची यादी घेऊन आली.

"हिशोबाबद्दल तक्रार नाही हं. पण ते नऊशे कुणाचे?"

"असतो एखादा... विक्षिप्त."

"आणि त्याला एवढं आवडलं, ते कुठे गेलं?"

"क्रम लावला की अंतर उरत नाही. कोण कुणाच्या पुढे, एवढंच."

"भलतीच कोरडी पद्धत तुमची!"

"भरवशाची आहे."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "त्याने येऊन सांगितलं असतं ना, तर मी ही नोकरी सोडून याच गावात दुसरी शोधली असती."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चिठ्ठीवर नाव नसतं..."

"माणसाला तोंड असतं ना, मास्तर?"

ती गेली. हिशोब बरोबरच होता. सोबत तो एक वाक्य बोलला असता, तरी हिशोब काही चुकला नसता. हे त्याला उमगलं तेव्हा जिन्यातली तिची पावलं ऐकू येईनाशी झाली होती.